अपराजित खबीब : २९ विजयांचा हिशेब

मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील हलक्या वजनगटाचा विजेता खबीब नुरमागोमेदोव याने २४ ऑक्टोबर २०२० रोजी अबुधाबी येथे अमेरिकेच्या जस्टिन गेचीला दुसऱ्या फेरीत शरण आणले. त्यानंतर त्याने हातमोजे उतरवून अष्टकोनी रिंगणाच्या मधोमध ठेवले आणि निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी तो ३२ वर्षांचा होता. २९ लढती, २९ विजय, एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही, अशी त्याच्या कारकिर्दीची नोंद आहे. वडिलांच्या निधनानंतरची ही त्याची पहिलीच लढत होती आणि वडिलांविना पुन्हा रिंगणात उतरणार नाही, असे वचन आईला दिल्याचे त्याने तेथेच सांगितले. निवृत्त होता होता त्याने संयोजकांकडे एकच मागणी केली. वजनगटांचा विचार न करता तयार होणाऱ्या सर्वोत्तम लढवय्यांच्या क्रमवारीत आपल्याला अव्वल स्थान द्यावे, ही ती मागणी. ती पुढच्याच क्रमवारीत मान्य झाली. सर्वकालीन क्रमवारीतील त्याच्या स्थानाचा वाद मात्र त्यानंतरही मिटलेला नाही.

हा वाद केवळ एका खेळाडूपुरता मर्यादित नाही. एकदाही न हरणे मोठे की वर्षानुवर्षे विजेतेपद राखणे मोठे, असा मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे.

खेळाचे स्वरूप

मिक्स्ड मार्शल आर्ट्स हा मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो आणि ब्राझिलियन जुजुत्सू यांचा संगम असलेला क्रीडाप्रकार आहे. त्यातील सर्वांत मोठी संस्था म्हणजे अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप अर्थात यूएफसी. तिची पहिली स्पर्धा १९९३ मध्ये डेन्व्हर येथे झाली. सर्वसाधारण लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध करणे, पंचाला लढत थांबवण्यास भाग पाडणे, पकडीत अडकवून शरण आणणे किंवा गुणांवर सरशी साधणे, असे विजयाचे मार्ग असतात. खबीब ज्या हलक्या गटात लढला त्याची मर्यादा १५५ पौंड म्हणजे सुमारे ७० किलो आहे. चपळाई आणि ताकद या दोन्ही गोष्टी येथे सारख्याच लागतात. शिवाय या गटात खेळाडूंची संख्याही मोठी असते. त्यामुळे हा गट सर्वाधिक चुरशीचा मानला जातो.

डोंगरातले बालपण

खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील दागेस्तानच्या सिल्दी या डोंगराळ खेड्यात झाला. कॉकेशस पर्वत आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या छोट्या प्रदेशात तीसहून अधिक वांशिक समूह राहतात. खबीबचे कुटुंब त्यांपैकी अवार समाजातले. कुस्ती हा दागेस्तानचा प्राण आहे. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा बुवायसार सैतिएव आणि २०१६ व टोकियो ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकविजेता अब्दुलरशीद सादुलाएव हे याच मातीत घडले. कोल्हापूर-सांगलीकडे जसा घराघरांत एखादा पैलवान निघतो, तसेच काहीसे चित्र तेथे दिसते.

वडील अब्दुलमनाप नुरमागोमेदोव हे स्वतः कुस्तीगीर होते. सैनिकी सेवेत असताना ते ज्युदो आणि सांबो शिकले. सांबो हा सोव्हिएत काळात विकसित झालेला कुस्तीसदृश प्रकार असून, त्याच्या 'लढाऊ' शाखेत ठोसे आणि लाथांनाही मुभा असते. अब्दुलमनाप यांनी गावातल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्या मुलांत त्यांचा मुलगाही होता. नऊ वर्षांचा खबीब साखळीने बांधलेल्या अस्वलाच्या पिल्लाशी झोंबत असल्याचे चलत्चित्र पुढे जगभर पाहिले गेले. २००१ मध्ये हे कुटुंब राजधानी मखाचकला येथे आले. तेथे खबीबचे प्रशिक्षण अधिक शिस्तबद्ध झाले. २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षे त्याने लढाऊ सांबोचे जागतिक विजेतेपद मिळवले.

व्यावसायिक लढतींत त्याने सप्टेंबर २००८ मध्ये पदार्पण केले. पूर्व युरोपातील छोट्या-मोठ्या स्पर्धांत त्याने ओळीने १६ लढती जिंकल्या. त्यातील बहुतेक प्रतिस्पर्धी फारसे नावाजलेले नव्हते. त्याच्या विरोधकांचा पहिला आक्षेप हाच असतो की, २९ पैकी निम्म्याहून अधिक विजय दुय्यम मैदानांवरचे आहेत. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र बहुतेक सर्वच लढवय्यांची सुरुवात अशाच मैदानांवर होते आणि तेथे त्यांपैकी अनेक जण एखाददुसऱ्या वेळी हरतातही, हेही तितकेच खरे आहे.

यूएफसीतील वाटचाल

२० जानेवारी २०१२ रोजी नॅशव्हिल येथे कमाल शालोरस याला तिसऱ्या फेरीत मागून गळा आवळून खबीबने यूएफसीत विजयी पदार्पण केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्राझीलच्या ग्लेसन टिबाऊविरुद्धची लढत मात्र त्याला कठीण गेली. टिबाऊने त्याचे पट काढण्याचे प्रयत्न हाणून पाडले. पंचांनी एकमताने खबीबला विजयी ठरवले, तरी हा निकाल अनेकांना पटला नाही. 'अपराजित' या बिरुदावर कोठे बोट ठेवायचेच झाले, तर ते याच लढतीवर ठेवले जाते.

२५ मे २०१३ रोजी एबल ट्रुहियोविरुद्ध त्याने तीन फेऱ्यांत २७ प्रयत्नांपैकी २१ वेळा प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणले. एका लढतीतील हा यूएफसीचा विक्रम ठरला. या लढतीपूर्वी त्याला वजनाची मर्यादा पाळता आली नव्हती. वजन घटवण्याची ही डोकेदुखी पुढेही त्याची पाठ सोडणार नव्हती.

एप्रिल २०१४ मध्ये त्याने रफाएल दोस आन्जोसला एकतर्फी नमवले. तेथून विजेतेपद हाकेच्या अंतरावर आले असे वाटत असतानाच दुखापतींनी घात केला. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आणि बरगडीची इजा यांमुळे जवळपास दोन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. या काळात, मार्च २०१५ मध्ये, त्याच दोस आन्जोसने हलक्या गटाचे विजेतेपद पटकावले. खबीबचे उमेदीचे वय मात्र शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांतच सरत होते. विजेता म्हणून त्याच्या खात्यात लढती कमी का, याचे एक उत्तर या दोन वर्षांत आहे.

एप्रिल २०१६ मध्ये तो परतला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे मायकल जॉन्सनला त्याने तिसऱ्या फेरीत हात पिरगाळून शरण आणले. त्याच रात्री, त्याच रिंगणात आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरने हलक्या गटाचे विजेतेपद मिळवून एकाच वेळी दोन वजनगटांचा विजेता होण्याचा मान मिळवला. या दोघांची गाठ पडायला आणखी दोन वर्षे जावी लागली.

पाचदा हुकलेली लढत

खबीबच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी उणीव कोणती, असे विचारले तर टोनी फर्ग्युसनचे नाव पुढे येते. या दोघांची लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा रद्द झाली. डिसेंबर २०१५ मध्ये खबीबची बरगडी दुखावली. एप्रिल २०१६ मध्ये फर्ग्युसनला फुप्फुसाचा त्रास झाला. मार्च २०१७ मध्ये वजन घटवताना प्रकृती बिघडल्याने खबीबला रुग्णालयात न्यावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्धीच्या कार्यक्रमासाठी गेलेला फर्ग्युसन केबलमध्ये पाय अडकून पडला आणि त्याचा गुडघा दुखावला. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रवासच बंद झाला आणि खबीब दागेस्तानात अडकून पडला. त्यानंतर मे महिन्यात फर्ग्युसन गेचीकडून हरला. त्याची सलग १२ विजयांची मालिका तुटली आणि या लढतीतले औत्सुक्यही संपले.

फर्ग्युसन आपल्या बहरात असताना पाठीवर पडूनही धोकादायक ठरत असे. खबीबच्या शैलीची खरी कसोटी त्याच्याविरुद्ध लागली असती. ती लागली नाही, याचा दोष दोघांपैकी एकावर टाकता येत नाही. परंतु हिशेबात ही जागा रिकामीच राहते.

विजेतेपद आणि मॅकग्रेगर

७ एप्रिल २०१८ रोजी ब्रुकलिन येथे खबीब विजेता झाला, तोही विचित्र परिस्थितीत. फर्ग्युसनच्या जागी मॅक्स हॉलोवे आला. वजन घटवण्याच्या घाईत तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला. अखेर ऐनवेळी अल आयाक्विंटा उभा राहिला. त्याचे वजन विजेतेपदाच्या मर्यादेपेक्षा ०.२ पौंड अधिक असल्याने तो जिंकला असता तरी पट्टा त्याला मिळणार नव्हता. खबीबने पाच फेऱ्यांत गुणांवर सहज विजय मिळवला. मॅकग्रेगरकडील विजेतेपद त्याच वेळी काढून घेण्यात आले.

त्याच आठवड्यात मॅकग्रेगरने साथीदारांसह ब्रुकलिनमध्ये येऊन खबीब बसलेल्या बसवर सामान वाहण्याची लोखंडी गाडी फेकली. त्यात दोन लढवय्ये जखमी झाले. पुढील काही महिने मॅकग्रेगरने खबीबचे वडील, धर्म आणि देश यांवर शेरेबाजी केली. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास वेगास येथे ते समोरासमोर आले, तेव्हा सुमारे २४ लाख ग्राहकांनी पैसे मोजून ही लढत दूरचित्रवाणीवर पाहिली. हा यूएफसीचा विक्रम होता.

पहिल्या फेरीत खबीबने मॅकग्रेगरचा पाय धरून त्याला खाली आणले. दुसऱ्या फेरीत त्याने उजव्या हाताच्या ठोशाने मॅकग्रेगरला लोळवले. ठोसेबाजी हे मॅकग्रेगरचे बलस्थान असल्याने हा धक्का मोठा होता. तिसरी फेरी पंचांनी मॅकग्रेगरला दिली. चौथ्या फेरीत खबीबने त्याची मान अशी पिळली की त्याला शरणागती पत्करावी लागली.

एवढ्यावर सारे थांबले असते तर ही रात्र निर्भेळ विजयाची ठरली असती. तसे झाले नाही. खबीबने जाळीवरून उडी मारून मॅकग्रेगरच्या कोपऱ्यातील सहकाऱ्यावर झेप घेतली. त्याच्या साथीदारांनी रिंगणात शिरून मॅकग्रेगरवर हात उचलला. सुरक्षेच्या कारणास्तव विजेत्याला पट्टाही रिंगणात दिला गेला नाही. नेवाडा क्रीडा आयोगाने खबीबला पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी, तर मॅकग्रेगरला ५० हजार डॉलर दंड आणि सहा महिन्यांची बंदी ठोठावली. चिथावणी किती होती हे जगाने पाहिले होते. तरीही संयम आणि शिस्त यांचा पुरस्कार करणाऱ्या विजेत्याच्या चारित्र्यावर हा एक डाग राहिलाच.

पुढील लढतीत त्याची दुसरी बाजू दिसली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी अबुधाबीत डस्टिन पॉरियरला तिसऱ्या फेरीत हरवल्यानंतर खबीबने त्याच्याशी शर्टाची अदलाबदल केली आणि तो शर्ट पॉरियरच्या समाजसेवी संस्थेच्या मदतीसाठी लिलावात काढला. यूएफसीचे तत्कालीन अध्यक्ष डेना व्हाइट यांनी तो एक लाख डॉलरना घेतला. या लढतीत अब्दुलमनाप मुलाच्या कोपऱ्यात उभे होते. अमेरिकेचा व्हिसा न मिळाल्याने तेथील लढतींच्या वेळी त्यांना हजर राहता आले नव्हते.

शैलीचे मर्म

खबीबची शैली दिसायला साधी होती. प्रतिस्पर्ध्याला जाळीकडे रेटायचे, एकेरी वा दुहेरी पट काढायचा, तो निसटला तर कंबरेला मिठी मारून पुन्हा खाली आणायचे आणि एकदा खाली आणले की उठू द्यायचे नाही. मात्र मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, येथे पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. खबीबचे वेगळेपण तेथेच होते.

खाली आलेला प्रतिस्पर्धी सहसा जाळीला पाठ लावून उठू पाहतो. खबीब त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांनी बांधून टाकी आणि ज्या हातावर भार देऊन तो उठणार, तोच मनगट धरून त्याच्या पाठीमागे ओढून घेई. मग उरलेल्या एका हाताने बचाव करायचा की उठायचे, हा पेच प्रतिस्पर्ध्यापुढे उभा राही. त्यातून ठोसे बसत, दम संपे आणि अखेरीस गळा किंवा हात पकडीत सापडे. ही पद्धत प्रत्येकाला ठाऊक होती. तिच्यावर महिनोन्महिने सराव करून येणाऱ्यांनाही ती रोखता आली नाही. अमेरिकेत सॅन होजे येथील अमेरिकन किकबॉक्सिंग अकादमीत प्रशिक्षक हाविएर मेंडेझ यांच्या हाताखाली आणि ऑलिम्पिक कुस्तीगीर डॅनियल कॉर्मिए याच्यासारख्या सहकाऱ्यासोबत त्याने ती घासूनपुसून पक्की केली.

अखेरची लढत

३ जुलै २०२० रोजी करोनानंतरच्या गुंतागुंतीमुळे मॉस्को येथे अब्दुलमनाप यांचे निधन झाले. ते ५७ वर्षांचे होते. मुलाने ३० विजय पूर्ण करावेत आणि शेवटची लढत कॅनडाचा महान विजेता जॉर्ज सेंट-पिएर याच्याशी खेळावी, अशी त्यांची इच्छा होती.

गेची महाविद्यालयीन पातळीवरचा नाणावलेला कुस्तीगीर होता आणि त्याच्या पायावरील लाथा भल्याभल्यांना गारद करत. पहिल्या फेरीत त्याने त्या मारल्याही. खबीब मात्र मागे हटला नाही. दुसऱ्या फेरीत १ मिनिट ३४ सेकंदांनी पायांच्या त्रिकोणी विळख्यात गेचीची मान सापडली. त्याने शरणागतीची खूण केली, ती पंचाच्या ध्यानी येईपर्यंत क्षणभर त्याची शुद्धही हरपली. गेचीचे आईवडील पाहत असताना त्याचा हात मोडावा लागू नये म्हणून खबीबने हाताऐवजी गळ्याची पकड निवडली, असे कॉर्मिएने नंतर सांगितले.

लढतीपूर्वी खबीबच्या पायाला इजा झाली होती, हेही नंतर उघड झाले. विजयानंतर तो गुडघ्यांवर बसून रडला. त्याने परतावे यासाठी यूएफसीने काही महिने प्रयत्न केले. अखेर १९ मार्च २०२१ रोजी निवृत्ती अधिकृतपणे मान्य करून विजेतेपद रिक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. ३०वी लढत झालीच नाही. वडिलांची इच्छा आणि आईला दिलेला शब्द यांत त्याने आईचा शब्द राखला. या खेळात मोठ्या रकमांसाठी पुन्हा पुन्हा परतणाऱ्यांची उदाहरणे ढिगाने सापडतात. हे पाहता तो निर्णय किती अवघड होता, हे कळू शकते.

सर्वकालीन क्रमवारीतील स्थान

सर्वकालीन श्रेष्ठत्व ठरवताना सामान्यतः चार निकष लावले जातात : पराभवांची संख्या, विजेतेपदाचा कालावधी, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि कारकिर्दीची स्वच्छता. प्रत्येक निकषावर पहिला क्रमांक वेगळ्याच खेळाडूकडे जातो.

पराभवांच्या निकषावर खबीबला तोड नाही. रशियाचा फ्योदोर एमेलियानेन्को जवळपास दहा वर्षे अजिंक्य राहिला. जपानमधील 'प्राइड' स्पर्धांत अतिवजनी गटावर त्याने राज्य केले. पण जून २०१० मध्ये फाब्रिसियो व्हेर्डूमने त्याला शरण आणले आणि पुढे पराभवांची रांग लागली. ब्राझीलचा अँडरसन सिल्वा २००६ ते २०१३ या काळात विजेता होता. सलग १६ विजय आणि दहा वेळा विजेतेपदाचे रक्षण ही त्याची कामगिरी आजही थक्क करते. त्याच्याही कारकिर्दीचा उत्तरार्ध पराभवांचा आणि उत्तेजक चाचणीतील दोषाचा ठरला. या दोघांनी वेळीच निरोप घेतला असता तर त्यांची पाटीही बरीच स्वच्छ राहिली असती. खबीबने तो घेतला, हे त्याचे शहाणपण. परंतु उतरत्या वयाची परीक्षा त्याने दिलीच नाही, हा युक्तिवादही यातूनच निघतो.

कालावधीच्या निकषावर खबीब मागे पडतो. त्याने विजेतेपद तीनदा राखले. बी. जे. पेन, फ्रँकी एडगर आणि बेन्सन हेंडरसन यांनीही हलक्या गटात तेवढेच केले होते. फ्लायवेट गटात डेमेट्रियस जॉन्सनने सलग ११ वेळा, तर वेल्टरवेट गटात सेंट-पिएरने सलग नऊ वेळा विजेतेपद राखले. कागदावर तीन आणि अकरा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पाहिला तर पारडे पुन्हा सावरते. मॅकग्रेगर, पॉरियर आणि गेची हे तिघे आपापल्या बहरात असताना खबीबने त्यांना हरवले आणि तिघांनाही पाच फेऱ्या पूर्ण होण्याआधीच शरण आणले. दोस आन्जोसला तो पुढे विजेता होण्याआधीच त्याने नमवले होते. मात्र सेंट-पिएरने मॅट ह्यूज आणि मॅट सेरा या दोघांकडून झालेल्या पराभवांची परतफेड केली. त्यानंतर चार वर्षांच्या विश्रांतीने परतून नोव्हेंबर २०१७ मध्ये मायकल बिस्पिंगला हरवत त्याने मिडलवेट गटाचेही विजेतेपद घेतले. पराभव पचवून पुन्हा उभे राहणे ही गोष्ट खबीबला कधी सिद्ध करावीच लागली नाही. दुसऱ्या वजनगटातही तो कधी उतरला नाही.

उरतो जॉन जोन्स. २०११ मध्ये वयाच्या २३व्या वर्षी तो यूएफसीचा सर्वांत तरुण विजेता झाला. त्याच्या खात्यातील एकमेव पराभव २००९ मधील नियमभंगामुळे अपात्र ठरल्याचा आहे. लाइट हेवीवेट गटात विजेत्यांची एक अख्खी पिढी त्याने हरवली आणि २०२३ मध्ये अतिवजनी गटाचे विजेतेपदही मिळवले. जून २०२५ मध्ये त्याची निवृत्ती जाहीर झाली. निव्वळ कामगिरीवर तो सर्वांच्या पुढे आहे. मात्र उत्तेजक चाचण्यांतील दोष, २०१७ मध्ये कॉर्मिएविरुद्धचा रद्दबातल ठरलेला विजय आणि काढून घेतलेली विजेतेपदे यांमुळे स्वच्छतेच्या निकषावर त्याचे नाव घेताना अनेकांची जीभ अडखळते.

या साऱ्याचा मेळ घालता एक गोष्ट निर्विवाद दिसते. खबीबच्या निवृत्तीच्या क्षणी हलक्या वजनगटात त्याच्याहून मोठा खेळाडू झाला नव्हता. सर्व गटांच्या यादीत मात्र सेंट-पिएर आणि जोन्स यांच्या वर त्याला ठेवणे कठीण आहे. पहिल्याने पराभव भरून काढले आणि दुसऱ्याने दीर्घकाळ राज्य केले. त्यांच्यापाठोपाठ सिल्वा आणि जॉन्सन यांच्या पंक्तीत, म्हणजे पहिल्या पाचांत, खबीबची जागा न्याय्य ठरते. वर्चस्वाच्या तीव्रतेला जे प्राधान्य देतात ते त्याला आणखी वर नेतील, दीर्घत्वाला देतात ते किंचित खाली आणतील.

रिंगणाबाहेरचा वारसा

खबीब निवृत्त झाला तरी त्याची शाळा थांबली नाही. अब्दुलमनाप यांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांची धुरा त्याने खांद्यावर घेतली. २०२० च्या अखेरीस त्याने एक स्पर्धा विकत घेऊन तिला 'ईगल फायटिंग चॅम्पियनशिप' असे नाव दिले. लहानपणापासूनचा सहकारी इस्लाम मखाचेव याने २२ ऑक्टोबर २०२२ रोजी अबुधाबीत चार्ल्स ऑलिव्हेराला हरवून तेच हलक्या गटाचे विजेतेपद मिळवले. पुढच्याच महिन्यात चुलतभाऊ उस्मान 'बेलाटोर'चा विजेता झाला. यूएफसीने २०२२ मध्ये खबीबचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश केला. २०२३ च्या प्रारंभी त्याने कुटुंबाला वेळ देण्यासाठी प्रशिक्षणातूनही बाजूला होणे पसंत केले.

मखाचेवने हलक्या गटाचे विजेतेपद चार वेळा राखून आपल्या मार्गदर्शकाला मागे टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने जॅक डेला मॅडालेनाला नमवून वेल्टरवेट गटाचे विजेतेपद पटकावले आणि सिल्वाच्या सलग १६ विजयांशी बरोबरी साधली. खबीबने जे केले नाही, म्हणजे दुसरा वजनगट आणि अधिक काळ राज्य, ते त्याच्याच तालमीतल्या गड्याने केले. पण मखाचेव २०१५ मध्ये एकदा हरला आहे. त्यामुळे गुरुबंधूंमधील हा हिशेबही पुन्हा त्याच मूळ प्रश्नापाशी येऊन थांबतो.

कारकीर्द दृष्टिक्षेपात

जन्म : २० सप्टेंबर १९८८, सिल्दी, दागेस्तान

व्यावसायिक लढती : २९, विजय : २९

विजयांचे स्वरूप : ठोशांनी ८, शरणागतीने ११, गुणांवर १०

यूएफसीतील लढती : १३, विजय : १३ (ठोशांनी २, शरणागतीने ५, गुणांवर ६)

विजेतेपद : हलका वजनगट, एप्रिल २०१८ ते मार्च २०२१

विजेतेपदाचे रक्षण : कॉनर मॅकग्रेगर (२०१८), डस्टिन पॉरियर (२०१९), जस्टिन गेची (२०२०)

विक्रम : एका लढतीत २१ वेळा प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणणे (२०१३)

लढाऊ सांबो : जागतिक विजेता, २००९ आणि २०१०

सन्मान : यूएफसी हॉल ऑफ फेम, २०२२